चौथ्या लडीवरच्या गाठी

हारिकाचा उजवा हात पुन्हा हवेत गाठ बांधू लागला, तेव्हा स्वरूपाने तो पदराखाली ओढून मांडीवर दाबून धरला. इस्पितळाच्या बाकावर शेजारी बसलेली बाई मघापासून टक लावून बघत होती.

"काय झालंय हो पोरीला?"

"काही नाही. थंडी वाजतेय."

जुलैचा उकाडा होता. भिंतीवरचा पंखा बंद होता. बाईने एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा स्वरूपाकडे, आणि तोंड फिरवलं.

पदराखाली हात थांबत नव्हता. अंगठा आणि दोन बोटं जवळ यायची, मनगट आत वळायचं, आणि मग एक लहानसा झटका. रंगवायच्या आधी रबराची पट्टी सुतावर आवळताना अम्मा द्यायची तस्साच. अम्मा म्हणजे स्वरूपाची आई, बालमणी. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या ती गेली, त्याला आता पाच महिने होत आले होते. हात उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू झाला, आणि विणकरांच्या अख्ख्या गल्लीने त्याचं कारण आठ दिवसांत ठरवून टाकलं. पहिल्यांदा ते बोलली सुगुणा चिन्नम्मा, अम्माची धाकटी बहीण. "बघ गं, अक्का आलीय. नातीच्या हातात आलीय. तिची बांधणी अर्धी राहिली ना!"

स्वरूपा त्यावर हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. पण दुपारी तिचा नवरा यादगिरी मागावर बसला आणि धोट्याची खटखट सुरू झाली की ती हारिकाजवळ जाऊन बसायची, तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत घ्यायची आणि डोळे मिटायची. हे तिने त्यालाही सांगितलं नव्हतं.

"हारिका, वय तेरा!" आतून हाक आली.

इस्पितळाची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला म्हणाले, घसा धरून ताप येऊन गेला की पोरांचा हात असा नाचतो. रक्त तपासलं, तसं काही निघालं नाही. दुसऱ्या खेपेला मोठ्या साहेबांनी दोन मिनिटं पाहिलं, 'घरात काय झालं?' विचारलं, आणि कागदावर लिहिलं की आजीच्या मृत्यूचा मनावर धक्का. झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हारिका झोपायची आणि उठली की हात आणखी जोरात चालायचा. आज खुर्चीत दुसरीच होती. चाळिशीच्या आतली, डोक्यावर राखाडी ओढणी, चष्मा नाकावर घसरलेला. डॉक्टर तस्नीम. तिने हाताकडे पाहिलंच नाही. आधी चेहऱ्याकडे पाहिलं.

"गालांवर हे लाल कधीपासून आहे?"

उत्तर यादगिरीने दिलं. बाहेरच्या माणसांशी बोलायचं काम त्याचं होतं. "उन्हानं, मॅडम. आमच्यात सूत अंगणात ताणतात. सगळ्यांचेच गाल भाजतात."

"तुमचे नाही भाजले."

"मी सावलीत असतो, मागावर. माझं पोट बघा की. सावलीतच वाढलंय."

डॉक्टर हसली, पण थांबली नाही. "तोंड उघड, बेटा. वर बघ. टाळूवर हे फोड आहेत, दुखतात?"

हारिकाने मान हलवली. नाही.

"दातांनी रबर तोडते ती," यादगिरी म्हणाला. "हजारदा सांगितलं, कात्री घे."

"दुखत नाहीत, हेच मला पसंत नाही. बोटांचे सांधे?"

"आसू ओढते ना," तो म्हणाला. आसू म्हणजे खुंट्यांची अर्धगोल चौकट. एका साडीचं बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत तिच्यावर चढवायचं तर हात हजारो वेळा पुढे-मागे न्यावा लागतो. "आमच्या घरातल्या बायकांचे खांदे-बोटं जन्मभर दुखतातच."

"आणि केस? हे पुढचे केस?"

या वेळी स्वरूपा बोलली. "आजी गेल्यापासून गळताहेत."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडे प्रत्येक दुखण्याला कारण तयार आहे. कामाचं, नाहीतर दुःखाचं. एकेक घेतलं तर मलाही पटतं. पण सगळी एकाच पोरीच्या वाट्याला का आली?"

 हारिकाचा हात टेबलाच्या कडेला लागून कागदांवरचं वजन खाली पडलं. तिने वाकून ते उचलायला पाहिलं. तीनदा हात चुकला. चौथ्यांदा डाव्या हाताने उचललं आणि ती रागाने रडू लागली.

"मी मुद्दाम नाही करत," ती म्हणाली. तिचे शब्द थोडे जड, जिभेला चिकटलेले येत होते. "शाळेत सर म्हणतात, नाटक करते."

"मला माहीत आहे तू मुद्दाम करत नाहीस," डॉक्टर म्हणाली. मग स्वरूपाकडे वळून, "रक्त आणि लघवी आज घेते. रिपोर्ट सोमवारी. मला एका आजाराचा संशय आहे, पण नाव आत्ता घेत नाही. तो हाताचा नाही, मनाचाही नाही. अंगभर फिरतो, आणि मुलांमध्ये कधीकधी सगळ्यात आधी मेंदूवर जातो. पण साहेबांनी कागदावर लिहून ठेवलंय की हे आजी गेल्यानंतर सुरू झालं. खाट द्यायची की नाही ते त्यांच्या सहीवर आहे. म्हणून मला सांगा, हात नक्की कधी सुरू झाला?"

"मे महिन्यात."

"तुमच्या लक्षात मे महिन्यात आलं. सुरू कधी झालं? आजी जिवंत असताना झालं असेल तर ते दुःख नव्हे. तिच्या शाळेच्या वह्या आणा. अक्षर बघते."

"वह्या सुट्टीत रद्दीत गेल्या."

"मग दुसरं काही. चित्र, शिवण, काहीही. तिने हाताने केलेलं, आणि कधी केलं ते ठाऊक असलेलं."

स्वरूपाच्या डोळ्यांपुढे घरातला एक कोपरा आला. पांढऱ्या धोतराच्या फडक्यात बांधून आढ्याला टांगलेलं गाठोडं. 

"आणि नीट ऐका," निघताना डॉक्टर म्हणाली. "ताप चढला, भलतंसलतं बोलायला लागली, हात किंवा पाय लुळा पडला, तर सोमवारची वाट बघू नका. तशाच उठून या. शनिवार-रविवार मी वॉर्डात आहे. माझं नाव सांगा."

*

शुक्रवारी चिन्नम्मा हळद-कुंकवाचं ताट घेऊनच आली. रविवारी बोनालूचा सण. गल्लीतल्या प्रत्येक घरातून गुळाच्या भाताचं मडकं डोक्यावर घेऊन बायका पोशम्माच्या देवळात जाणार, आणि तिथे अंगात येणाऱ्या बाईपुढे, म्हणजे शिवसत्तीपुढे, हारिकाला उभं करायचं, असं चिन्नम्माने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"शिवसत्ती विचारेल, अक्का बोलेल. काय हवंय ते सांगेल. अर्धी राहिलेली सुताची लड पुरी करा म्हणेल, करू. साडी नेसवा म्हणेल, नेसवू. संपलं."

"सोमवारी रिपोर्ट आहे, चिन्नम्मा."

"सोमवारी जा की! देवीच्या आड मी येत नाही, तुझ्या डॉक्टरच्या कशाला येऊ? पण मला एक सांग, बिड्डा. तुझी आई पाच महिन्यांनी घरी आलीय, आणि तू तिला सुया टोचून हाकलून देणार?"

स्वरूपा भाकरीचं पीठ मळत होती. तिचा हात परातीत थांबला. चिन्नम्माला कसं कळलं की नेमकं इथेच दुखतं?

यादगिरी मागावरून ओरडला, "सासूबाई असत्या तर त्यांनीच पहिली एसटी धरली असती. देवळापेक्षा त्यांचा विश्वास इंजेक्शनवर जास्त. मला साधी शिंक आली तरी म्हणायच्या, जा, टोचून ये."

"तू गप रे, घरजावई! तुला काय कळतंय आमच्या घरातलं?"

"सोळा वर्षं झाली, चिन्नम्मा. आता तरी 'आमच्या'त घ्या."

चिन्नम्मा हसली, आणि क्षणभर घर पूर्वीसारखं झालं. मग अंगणातून पितळी लोटा पडल्याचा आवाज आला. हारिका हौदाशी उभी होती. पाणी पायावर सांडलं होतं, आणि तिचा चेहरा एका बाजूला वेडावल्यासारखा ओढला जात होता, सुटत होता, पुन्हा ओढला जात होता. तिच्या पावलांवर सूज होती. स्वरूपाने बोटाने दाबून पाहिलं. खळगा पडला आणि बराच वेळ भरलाच नाही.

याला कामाचं कारण तिला सापडलं नाही.

*

शनिवारी सकाळी हारिका चहाला उठली नाही. अंग गरम लागत होतं. दहाच्या सुमाराला ती उठून बसली आणि अम्माच्या कोपऱ्याकडे बघून अगदी स्वच्छ आवाजात, आजीला सांगावं तसं म्हणाली, "अम्मम्मा, पाय काढ. सूत तुटेल."

चिन्नम्मा दारात होती. बोनालूचं मडकं रंगवायला चुना मागायला आली होती. तिने वाटी खाली ठेवली, कोपऱ्याला हात जोडले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "अक्का," ती म्हणाली. "अक्का गं."

कोपऱ्यात काही नव्हतं. रिकामी चौकट भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि वर टांगलेलं गाठोडं. स्वरूपाला पहिल्यांदा वाटली ती भीती नव्हती. तिला हेवा वाटला. तिच्या आईने तिला सोडून या पोरीला दिसावं? पाच महिने रोज सकाळी त्या चुलीपुढे ती बसत होती, तिला एकदाही नाही?

ती हारिकाजवळ गेली. आवाज ताब्यात ठेवून तिने विचारलं, "काय म्हणते अम्मम्मा?"

"म्हणते, मम्मीला सांगू नको."

"काय सांगू नको?"

हारिकाने ओठ घट्ट मिटले. जीभ आपोआप बाहेर आली आणि आत गेली. उजवा हात उशीवर एकामागून एक गाठी बांधत राहिला.

"काय सांगू नको, हारिका?"

"बांधणीचं," ती म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली.

स्वरूपाने यादगिरीला माग थांबवायला सांगितला.

"ते गाठोडं उतरव."

यादगिरीने तिच्याकडे पाहिलं. "सासूबाईंचं?"

"हो."

"वर्ष व्हायचंय अजून."

"मला माहितेय."

त्या घरची रीत होती. बांधणाऱ्या बाईचं शेवटचं काम ती गेल्यावर वर्षश्राद्धापर्यंत हलवायचं नाही. रंगात बुडवायचं नाही, मागावर चढवायचं नाही. स्वरूपाच्या आजीचं काम तसंच वर्षभर टांगलेलं होतं, आणि ते अम्माने स्वतः सांभाळलं होतं.

"हात लावशील तर बघ!" चिन्नम्मा पुढे आली. "अक्का घरात उभी आहे. पोर तिच्याशी बोलतेय. आणि तू तिचं काम सोडवतेस?"

"सोडवत नाही, चिन्नम्मा. बघणार आहे. तूही बघ. तुझ्याइतकं कुणाला वाचता येतं ते?"

यादगिरीने गाठोडं उतरवलं. आत चार लडी होत्या. चार साड्यांचं बाण्याचं सूत, न रंगवलेलं, आणि त्यावर सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्यांच्या शेकडो काळ्या गाठी. जिथे गाठ तिथे रंग पोचत नाही, जिथे गाठ नाही तिथे पोचतो, आणि त्यातून पुढे कापडावर हत्ती, पोपट, फूल उमटतं. अम्माला लिहिता येत नव्हतं. प्रत्येक लडीच्या टोकाला तिने लाल दोरा बांधला होता, पहिलीला एक वेढा, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहिली लड चौकटीवर चढली होती. एकेक लड नऊ-दहा दिवसांची. चौथी अर्ध्यात राहिली.

प्रत्येक लडीवर आजी-नात दोन टोकांना समोरासमोर बसायच्या. डावीकडून अम्मा, उजवीकडून हारिका, आणि मधोमध भेटायच्या. अम्मा दोन वेढे द्यायची आणि पट्टीचं टोक खाली खोचायची. हारिका तीन वेढे द्यायची आणि टोक वर सोडायची, कितीही ओरडा खाल्ला तरी.

यादगिरीने पहिली लड चौकटीवर ताणली. खडूच्या खुणांवर गाठी सरळ बसल्या होत्या. डाव्या अंगाला टोकं खाली, उजव्या अंगाला वर.

"चांगली आहे," चिन्नम्मा नाइलाजाने म्हणाली. तिचा हात सवयीने सुतावरून फिरत होता. "पोरीचा हात साफ होता."

दुसरी लड ताणली. उजवीकडच्या गाठी खुणेवरून घसरल्या होत्या. दोन-तीन बोटभर पुढे गेलेल्या. एका ठिकाणी सूत तुटून पुन्हा जोडलेलं होतं.

"घाई केली असेल," यादगिरी म्हणाला.

तिसरी लड. स्वरूपा खाली वाकली. उजव्या अंगाला हारिकाच्या वर टोक असलेल्या सैल, वाकड्या गाठी होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच गाठींवर दुसरी गाठ होती. दोन वेढ्यांची, आवळलेली, टोक खाली खोचलेली.

चिन्नम्माने डोळे बारीक केले. नखाने वरची पट्टी उचलून तिने खाली पाहिलं. मग पुढची. मग त्याच्या पुढची. ती मोजत गेली, ओठ हलत होते.

"ही अक्काची गाठ आहे," ती म्हणाली. "खालची पोरीची. वरची अक्काची. अक्का हिच्या मागून दुरुस्त करत गेलीय."

चौथी लड यादगिरीने ताणली तेव्हा कुणालाच वाकावं लागलं नाही. डावा भाग अम्माचा होता. उजव्या टोकाला हारिकाच्या पाच गाठी, पाचही सुटलेल्या. त्यांच्या पुढे उजवीकडेही अम्माचीच बांधणी होती. त्या वयात ती चौकटीच्या दोन्ही बाजूंना उठून-बसून एकटीने बांधत होती. मध्ये वीतभर सूत मोकळं राहिलं होतं.



चिन्नम्मा चौकटीला धरून हळूहळू खाली बसली. "म्हणजे अक्का बांधत होती," ती म्हणाली. "अक्का धडधाकट इथे बसून बांधत होती, तेव्हाच पोरीचा हात गेला होता." तिने वर पाहिलं. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "जिवंत माणूस कसं येईल दुसऱ्याच्या हातात?"

स्वरूपा हारिकाच्या उशाशी गेली.

"मी पाहिल्या लडी," ती म्हणाली. "अम्मम्माने तुझ्या गाठींवर गाठी बांधल्या."

हारिकाने बराच वेळ आईच्या तोंडाकडे पाहिलं. ओळखायला वेळ लागत असल्यासारखं. मग शब्द एकेक करून आले. "ती म्हणाली... परीक्षा झाली की दोघी जाऊ. शहरात. डॉक्टरकडे. तोवर मम्मीला नको सांगू. मम्मी घाबरते." थोडं थांबून ती म्हणाली, "मग ती गेलीच."

"आणि तू?"

"मी हात पायाखाली दाबून बसायचे. तू बघत नव्हतीस."

ती रागावून बोलली नव्हती. वर्गात हजेरी द्यावी तसं ते वाक्य तिने दिलं. स्वरूपाने ते घेतलं. त्याचं काय करायचं ते नंतर बघता येईल, असं तिने ठरवलं, आणि ती उठली.

"चल. एसटी."

हारिका उभी राहिली आणि तिचा उजवा पाय खाली गेला, जणू तिथे पाय नव्हताच. यादगिरीने तिला पडता पडता झेललं.

"एसटी नको," तो म्हणाला. त्याचा थट्टेचा आवाज पार गेला होता. "सत्यम्‌ची गाडी आणतो." आणि तो अनवाणीच शेजारच्या दाराकडे पळाला.

चिन्नम्मा चौथी लड चौकटीवरून उतरवत होती. गाठ सुटू नये अशी, दोन्ही हातांनी, बाळाला उचलावं तशी. तिने ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून स्वरूपाच्या हातात दिली. तिसरीही दिली.

"ही ने. दाखव. त्या बाईला वाचता नाही आली तर मला फोन लाव, मी सांगते." दाराशी येऊन तिने हारिकाच्या कपाळाला हळद लावली, आणि स्वरूपाकडे न बघता म्हणाली, "मी उद्या बोनमचं मडकं नेते. पोरीच्या नावाने. शिवसत्तीला काही विचारत नाही."

*

गाडीत हारिकाचं डोकं स्वरूपाच्या मांडीवर होतं आणि हात तिच्या पोटावर गाठी बांधत होता. शहर जवळ आलं तसं तिचं बोलणं तुटत गेलं. एल. बी. नगरच्या चौकात गाड्या अडकल्या. सत्यम् हॉर्नवर हात ठेवून बसला.

"हारिका, माझं नाव काय?"

उत्तर नाही.

"बापूचं नाव काय?"

"घरजावई," हारिका डोळे न उघडता म्हणाली.

यादगिरी पुढच्या सीटवर हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही.

वॉर्डाच्या दाराशी रखवालदाराने अडवलं. सोमवारची तारीख आहे, सोमवारी या. स्वरूपा आयुष्यात कधी कुणावर ओरडली नव्हती. तिने डॉक्टर तस्नीमचं नाव घेतलं, इतक्या मोठ्याने की जिन्यातली माणसं वळून बघू लागली. डॉक्टर हातातला जेवणाचा डबा तसाच घेऊन बाहेर आली. हारिकाचा पाय तपासला, डोळ्यांत बॅटरी मारली, पावलांची सूज दाबून पाहिली. मग म्हणाली, "आत घ्या."

"हे," स्वरूपाने फडकं पुढे केलं. "तुम्ही म्हणाला होतात, हाताने केलेलं काहीतरी."

डॉक्टरने रिकाम्या खाटेवर दोन्ही लडी पसरल्या. स्वरूपाने एक टोक धरलं, यादगिरीने दुसरं. स्वरूपा सांगत गेली. ही आईची गाठ, ही मुलीची. ही खालची, ही वरची. हा लाल दोरा तीन वेढ्यांचा, म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा. हा चार वेढ्यांचा. आई शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी गेली. बोलताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. आपण कुणाची तरी साक्ष देतोय असं तिला वाटत होतं, आणि साक्षीत रडायचं नसतं.

डॉक्टरने चष्मा वर सरकवला. फोनवर दोन फोटो काढले, आणि तिथूनच कुणाला तरी फोन लावला. "सर, ती आजी वारलेली मुलगी. नाही सर, धक्का नाही. आजी जिवंत असतानाच सुरू झालंय. माझ्याकडे पुरावा आहे. रक्ताचा रिपोर्ट सोमवारी येईल, पण लघवीतून प्रोटीन जातंय, अंगावर सूज आहे, आता उजवा पाय गेलाय. मला आज स्कॅन हवा आणि आज औषध सुरू करायचंय." मग बराच वेळ ती नुसतं ऐकत राहिली. स्वरूपाने तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. खाटेच्या दांडीचा रंग उडाला होता, तिथे ती नखाने खरवडत राहिली.

"हो सर," डॉक्टर शेवटी म्हणाली, आणि फोन ठेवला. "खाट मिळाली."

*

आजाराचं नाव ल्युपस होतं. रोगाशी लढायला अंगात असलेली फौज उलटून आपल्याच अंगावर चालून जाते, असं डॉक्टरने समजावलं. कुणाच्या सांध्यांवर, कुणाच्या मूत्रपिंडांवर, आणि कधी एखाद्या पोरीच्या मेंदूवर. मग हात नाचतो, अक्षर बिघडतं, पोर नसलेल्या माणसांशी बोलते, आणि घरातले म्हणतात हट्टी झाली, शाळेतले म्हणतात नाटकी. रक्तही घट्ट होऊ लागलं होतं. आणखी आठवडाभर थांबला असतात तर, एवढं बोलून डॉक्टरने वाक्य सोडून दिलं. ते कुणी पुरं केलं नाही.

पाच दिवस सलाइनमधून औषध गेलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी हारिकाने कोपऱ्याकडे बघणं सोडलं. दहाव्या दिवशी पाय उचलला. तिचा चेहरा औषधाने गोल झाला, आणि आरशात बघून ती म्हणाली, "बापूसारखी दिसते," आणि यादगिरी दिवसभर वॉर्डातल्या प्रत्येकाला ते सांगत फिरला. हा आजार जन्माचा सोबती आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत, उन्हात जायचं नाही, हे डॉक्टरने तिघांकडूनही पाठ करून घेतलं. उन्हात नाही म्हणजे अंगणात सूत ताणायचं नाही. यादगिरी म्हणाला, अंगणावर पत्रे घालतो.

हात सगळ्यात शेवटी थांबला. रोज थोडा कमी व्हायचा. आधी मनगट वळायचं राहिलं, मग झटका गेला, मग फक्त अंगठा आणि बोटं कधीतरी जवळ यायची.

एकविसाव्या दिवशी दुपारी स्वरूपा खाटेशी बसली होती. हारिका झोपली होती. उजवा हात चादरीवर होता, उताणा, बोटं किंचित मिटलेली. स्वरूपा बघत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नर्स येऊन गोळ्या ठेवून गेली. हात हलला नाही.

तिने तो आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला, घरी घ्यायची तसा. तो हारिकाचा होता. गरम, थोडा घामट, करंगळीच्या नखाखाली शाई.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसापासून जे रडू तिने लांबवलं होतं, ते तिला तिथे आलं. आवाज होऊ नये म्हणून तिने पदर तोंडाशी धरला.

"मम्मी?" हारिका जागी झाली होती. शब्द आता सुटे आणि स्वच्छ येत होते. "काय झालं?"

"काही नाही. तुझा हात थांबला."

"मग रडतेस कशाला?"

स्वरूपाने डोळे पुसले. खाटेखालच्या पिशवीत चौथी लड होती. तिने ती काढून मांडीवर घेतली, आणि बोटांनी चाचपत मधला मोकळा भाग शोधला.

"एवढं राहिलंय," ती म्हणाली. "वर्ष झालं की बांधू. डावीकडून मी येते. उजवीकडून तू ये."

"अम्मम्माची बाजू तू?"

"हो."

"तुझ्या गाठी सैल असतात, मम्मी. अम्मम्मा म्हणायची."

"मग मागून दुरुस्त कर," स्वरूपा म्हणाली.